पॅकेज मॅनेजर: एका आज्ञेमागची पार्श्वभूमी

इंदूरच्या विजयनगर भागातील कचेऱ्यांत काम करणारी मराठी मुले-मुली आज 'ॲप्ट इन्स्टॉल' ही आज्ञा लिहून पॅकेज मॅनेजरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रामकडून, हवे ते सॉफ्टवेअर मिनिटाभरात उतरवून घेतात, आणि ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे सतत कोणाची तरी देखभाल चालू असते याचा विसर पडतो.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी युनिक्सवर नवा प्रोग्राम घ्यायचा म्हणजे त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मिळवून, आपल्या यंत्रावर तो कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून, तयार झालेल्या फाइली योग्य जागी ठेवायच्या, अशी रीत होती. यातली खरी अडचण प्रोग्राम काढून टाकताना कळे, कारण कोणती फाइल कुठे गेली याची नोंद बहुधा कोणाकडेच नसे. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये डेबियन या लिनक्सवर (युनिक्ससारख्या मुक्त प्रणालीवर) आधारलेल्या संचाची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी त्यातली पॅकेजे, म्हणजे एकत्र बांधलेले प्रोग्राम, बसवणारे 'डीपीकेजी' आकाराला आले. त्याचा मुख्य भाग नंतर इयान जॅक्सन यांनी सी भाषेत नव्याने लिहिला. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती, स्थिती आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे 'स्टेटस' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदवलेली असतात, आणि ती फाइल आजही कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स संचाचे त्याच कामाचे 'आरपीएम' 1995 मध्ये आले.

नोंद ठेवण्याचा प्रश्न असा सुटला, तरी जुळवाजुळव वापरणाऱ्याच्याच गळ्यात राहिली. इंदुरात राजेंद्रनगर-रामबागेतल्या ज्या घरांत त्या काळी लिनक्स पोहोचले, तिथे ते बरेचदा 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीवरून आले, आणि त्यातला आरपीएम अमुक लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) नाही एवढे सांगून थांबत असे. ती शोधून आणली की ती आणखी दोन लायब्रऱ्या मागे. 1998 मध्ये पुढे आलेल्या आणि मार्च 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये समाविष्ट झालेल्या 'ॲप्ट'ने ही साखळी स्वतः उलगडून, सर्व पॅकेजे आणून योग्य क्रमाने बसवण्याचे काम अंगावर घेतले. टेलिफोनच्या तारेवरून मिनिटांच्या हिशेबाने इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी त्यात सीडीलाच भांडार, म्हणजे पॅकेजे जिथून आणायची ती जागा, मानण्याची सोय होती, आणि माझ्या मते आपल्याकडे तिचे मोल इतर गुणांपेक्षा अधिक होते. आरपीएमच्या बाजूला हेच काम पुढे 'यम'ने केले.

अवलंबित्वे सोडवणे, म्हणजे कोणत्या पॅकेजला कोणते लागते याचा मेळ घालणे, हे गणिताच्या दृष्टीनेही अवघड, एनपी-कम्प्लीट कोटीतले (ज्याला नेहमी झटपट चालणारी रीत माहीत नाही असे) काम आहे, हे 2000 नंतरच्या संशोधनातून सिद्ध झाले. ओपनसुसे या लिनक्स संचाने 2008 च्या 11.0 आवृत्तीत त्यासाठी सॅट सॉल्व्हर, म्हणजे अनेक तर्कअटी एकाच वेळी पूर्ण करणारा उलगडा शोधणारा प्रोग्राम, आणला. त्याच घराण्यातील 'लिबसॉल्व्ह'वर आधारलेले 'डीएनएफ' 2015 मध्ये रेड हॅटच्या परिवारातील फेडोरा संचाच्या 22 व्या आवृत्तीत यमच्या जागी बसले.

मॅक वापरणाऱ्यांसाठी मॅक्स हॉवेल यांनी 2009 मध्ये 'होमब्रू' हा पॅकेज मॅनेजर लिहिला. त्यात प्रत्येक पॅकेज कसे बसवायचे याची कृती रूबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या फाइलीत असते, त्यामुळे बाहेरच्या माणसालाही दुरुस्ती सुचवणे सोपे झाले. परंतु सगळ्या कृतींचे गिट (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाचे) भांडार प्रत्येकाच्या यंत्रावर उतरवावे लागे आणि साधे अपडेटही रेंगाळत असे. 2023 च्या 4.0 आवृत्तीने त्याऐवजी जेसन या साध्या मजकुरी मांडणीतली माहिती उतरवण्याची पद्धत स्वीकारली. पॅकेज मॅनेजरमधील सुधारणा बहुधा अशीच असते: नवी आज्ञा येत नाही, जुनीचा खोळंबा कमी होतो.

विश्वासाचा प्रश्न मात्र उशिरा ऐरणीवर आला. भांडार खरोखर डेबियनचेच आहे हे दाखवणारी डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची व्यवस्था डेबियनच्या स्थिर आवृत्तीत 2007 मध्ये, म्हणजे 4.0 मध्ये आली. पण स्वाक्षरीवरून पॅकेज कोणाकडून आले एवढेच कळते, आत काय आहे ते कळत नाही. मार्च 2024 मध्ये फाइली आकुंचित करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरण्याची वाट, सापडली. ती घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता, आणि आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले नसते, तर ती डेबियनच्या चाचणी शाखांतून स्थिर आवृत्तीत पोहोचू शकली असती. एकाच सोर्सपासून कोणीही, कुठेही बांधले तरी बिट-न्-बिट सारखेच पॅकेज निघावे, यासाठी डेबियनमध्ये 2013 पासून चाललेल्या कामाकडे या प्रकरणानंतर अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.