‘तिला काय कळतंय?’ : संमतीच्या कायद्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद (तेव्हाचा शब्द; आज बौद्धिक अक्षमता असलेल्या) मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण सांगितलं गेलं. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. पाळीच्या दिवसांत कपडा कसा बदलायचा हे शेजारी बसून, पुन्हा पुन्हा दाखवणारं माणूस हवं होतं. आपण त्याऐवजी शस्त्रक्रिया केली. ‘तिला काय कळतंय?’ हे वाक्य संस्थांमध्ये आजही सहज ऐकू येतं, म्हणून शिरूर विसरता येत नाही.

हे वाक्य कायद्यातही मुरलेलं होतं. १९१२च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टनुसार माणूस एकदा वेडा ठरला, की त्याचा देह आणि इस्टेट दोन्हींचा कारभार दुसऱ्याच्या हाती जाई. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने शब्द बदलले, पालक, म्हणजे त्या माणसाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, नेमण्याची तरतूद ठेवली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. २८ जण गेले.

२००७मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. अपंग माणसालाही स्वतःचे निर्णय घेण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असं तो सांगतो; त्याने पालकत्वाचा पायाच हलला. २००९मध्ये चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि बलात्कारातून गरोदर राहिलेल्या एका तरुणीला मूल हवं होतं. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिच्या संमतीशिवाय तो करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं.

मग आला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता माणसात आहे का, हे ठरवताना उपचारांबद्दलची माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, किंवा बोलून, चेहऱ्याने, हाताने तो सांगता येतो का, एवढंच तो विचारतो. माहिती सोप्या भाषेत, लागलं तर चित्रं दाखवून द्यायची. आणि निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं धरायचं नाही. गोळी समोर धरल्यावर तोंड फिरवणाऱ्या आजींना आधी ‘का नको?’ हे विचारावं लागतं.

शिरूरच्या मुली मात्र या कायद्यात बसत नाहीत. बौद्धिक अक्षमता त्याच्या व्याख्येबाहेर आहे. त्यांच्यासाठी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातलं पालकत्व मर्यादित : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. पण १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदाही अजून लागू आहे, आणि त्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती आजही पालक नेमते.