किलिमांजारोसाठी हळूहळू चढणारा रूट निवडणं

टांझानियातला किलिमांजारो म्हणजे आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, ५,८९५ मीटर, आणि नेहमीच्या रूट्सनी जायला दोर-बिर काही लागत नाही, नुसतं चालायचं, त्यामुळे लोकांना वाटतं सोप्पा आहे. खरी गोची हवेची आहे. शिखरावर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण निम्माच ऑक्सिजन मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस जावे लागतात. म्हणून रूट ठरवताना आधी रोज रात्री कुठल्या उंचीवर झोपणार ते बघायचं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरच्या वर वाढवू नये असा साधारण नियम आहे.

आता मारांगू रूट बघा. वाट आरामाची, तंबूऐवजी लाकडी हटमध्ये झोपायचं, टोपणनावच कोकाकोला रूट. पण होरोंबो हट ३,७२० ला आणि पुढचं किबो हट ४,७०० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात जवळपास हजार मीटर, आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं! हाच रूट घ्यायचा असेल तर होरोंबोला एक रात्र जास्त काढावी.

लेमोशो पश्चिमेकडून येतो, ७-८ दिवस खातो, पण त्यात एक दिवस भारी आहे. सकाळी शिरा पठारावरनं निघून दुपारी लाव्हा टॉवरला पोचायचं, ४,६०० मीटर, तिथे डोकं ठणकतं, पुढ्यातलं जेवण नको वाटतं, आणि मग बरांकोला ३,९७० पर्यंत उतरून झोपायचं. उंच चढा, खाली झोपा. मचामे रूटवरही हाच टप्पा येतो, फक्त सुरुवातीचे दिवस कमी. उंब्वे सगळ्यात खडा, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

सह्याद्रीत पळत गड चढणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते. कळसूबाई १,६४६ मीटर आणि मचामे गेटच साधारण १,८०० ला, म्हणजे आपण घरी कधी गेलोच नाही त्या उंचीवर तिथली सुरुवात. गाईड सारखं 'पोले पोले' म्हणत राहतात, स्वाहिलीत हळूहळू. दमसास चांगला असला की माणूस उलट जोरात चढतो आणि लवकर आजारी पडतो.

जास्त दिवसांचा रूट महागच पडतो कारण पार्कची फी दिवसावर लागते, आणि लोक नेमका हवेची सवय व्हायला लागणारा तोच एक दिवस कापतात.