जुनी बुलेट घरी कशी सांभाळाल?

(लोखंडी इंजिन आणि उजव्या पायाला गिअर असलेल्या 350 सीसी बुलेटच्या मालकांसाठी)

आमच्या गॅरेजमध्ये ‘इंजिन खोलायचंय’ म्हणून आलेल्या कितीतरी बुलेटचं इंजिन खोलावंच लागत नाही. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेले असतात, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुश रॉडची फट ठरवणारे भाग) आवळलेले असतात, नाहीतर ऑइल भलत्या वेळी बघून जास्त भरलेलं असतं. एवढं घरच्या घरी जमलं तर तुमचं बिल कमी होईल, आणि ते व्हावं असं आम्हालाही मनापासून वाटतं. सिलिंडर एकदा बोअर केला की गेलेलं लोखंड परत येत नाही.

गाडी आठवडाभर उभी राहिली की ऑइल हळूहळू क्रँककडे उतरतं. मग ऑइल मोजायची काडी कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो आणि गाडी चालू झाल्यावर तेच ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर पडतं. म्हणून आधी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, सपाट जागी सरळ उभी करा आणि मग काडी बघा.

टॅपेटचं याच्या उलट. रात्रभर उभ्या, पूर्ण थंड इंजिनावरच ते काम करायचं. पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणा, उजव्या बाजूचं झाकण काढा आणि पुश रॉड बोटांच्या चिमटीत धरून फिरवा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. टिकटिक नको म्हणून टॅपेट कसून घेऊ नका. आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक राहू द्या. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा.

किक मारताना ताकद लावायची गरजच नाही. चावी लावा, किक हळूहळू दाबत जा आणि अँपिअरच्या काट्याकडे लक्ष ठेवा. पाय अडला आणि काटा मध्यावर आला की थांबा. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून किक जराशीच पुढे ढकला, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. आता एक सलग, पूर्ण किक. अर्धवट किक मारलीत तर ती उलटी बसते आणि घोटा दुखावतो.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. पेट्रोलचा जुना रबरी पाइप कडक झाला असेल तर लगेच बदला, उद्यावर टाकू नका.

एवढं झालं की गाडी बाहेर काढा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे सकाळी लवकर निघा. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, गर्दी फार असते. 70 बाय 90 मिलिमीटरचं हे लांब स्ट्रोकचं इंजिन. त्याला पिळायचं नसतं. थर्डमध्ये शांतपणे चढू द्या, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत. रोजच्या वापरात उजव्या पायाला ब्रेक असलेली नवी गाडी असेल तर पहिले दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर काढा. घाईत ब्रेक समजून पाय गिअरवर पडतो, हे आम्ही स्वतः अनुभवलंय.

टॅपेट आमच्याकडून सेट करून घ्यायचे असतील तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा.