साठ नॉटच्या नियमामागची गोष्ट

पिटो नळी (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग मोजणारी नळी) तुंबली की वेगमापक खोटे बोलतो, हे वैमानिकांना संगणकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये पुएर्तो प्लाताहून उडालेले बोइंग ७५७ अशाच एका नळीपायी समुद्रात कोसळले आणि १८९ जण दगावले. ऑटोपायलट त्याच नळीच्या आकड्यावर चालत होता.

नव्या पिढीच्या विमानांत तीन नळ्यांचे आकडे ताडून वेगळा पडणारा आकडा बाजूला सारतात. एक नळी बिघडली तर हा बहुमताचा न्याय चोख चालतो. परंतु १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअरबस ए-३३० विमानाच्या नळ्या अटलांटिकवर जवळजवळ एकाच वेळी गोठल्या. ऑटोपायलट सुटला, स्टॉलपासूनचे, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल संपण्यापासूनचे, संरक्षण गेले आणि विमान वैमानिकांच्या हाती आले. मिनिटभरात बर्फ वितळला, पण तोवर नाक फार वर गेले होते. त्या रात्री २२८ जणांचा बळी गेला.

खरा गुंता ‘अवैध’ या शब्दाचा आहे. मोजलेला वेग ६० नॉटखाली (ताशी सुमारे १११ किलोमीटरखाली) गेला की पंख आणि समोरची हवा यांतला कोन मोजणाऱ्या पात्यांचे आकडे संगणक अवैध धरत असे आणि स्टॉलचा इशारा बंद होई. इतक्या कमी वेगात पाते हवेत स्थिर राहत नाही आणि विमान बहुधा धावपट्टीवरच असते, असा त्यामागचा विचार असून तो कागदावर बिनचूक होता. प्रत्यक्षात सुमारे ३८,००० फुटांवरून कोसळताना हा कोन ४० अंशांपलीकडे गेला, नळ्यांत हवा सरळ शिरेना, वेग ६० नॉटखाली दिसू लागला आणि सलग ५४ सेकंद वाजलेला इशारा थांबला. पुढे नाक खाली केले की वेग पुन्हा ‘वैध’ होऊन इशारा वाजे, वर ओढले की शांतता. ‘आकडा भरवशाचा नाही’ आणि ‘विमान उडतच नाही’ या दोन गोष्टी नियमाने एकच मानल्या होत्या. वैमानिकांच्या चुका मोठ्या होत्याच, तरी त्यांच्यापुढे या नियमाची चर्चा झाकोळली गेली, असे वाटते. अत्यल्प वेगातील इशाऱ्याचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस २०१२ च्या अंतिम अहवालात आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये स्पेनमधील बिल्बाओहून निघालेल्या एअरबस ए-३२१ ने बहुमताची उलटी बाजू दाखवली: गोठलेल्या दोन पात्यांनी चालू असलेल्या तिसऱ्यावर मात केली, संगणकाने नाक खाली दाबले आणि विमान सुमारे ४,००० फूट खाली आले. बोइंग ७८७ मध्ये नळ्या फसल्यास हवेशी होणारा कोन आणि जडत्वमापक (विमानाची हालचाल टिपणारी उपकरणे) यांवरून वेग काढण्याची सोय आहे. म्हणजे तिथेही भिस्त पुन्हा त्याच पात्यांवर येते.