प्रायमिंग टूल घेण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुंगळी म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच. घरी काडतूस भरताना तिच्या बुडात प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा छोटा तुकडा, बसवायचं साधन म्हणजे प्रायमिंग टूल. “तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं प्रायमिंग टूल दाखवा,” असं कुणी म्हटलं की आम्ही उलट तीन प्रश्न विचारतो. एका बैठकीत किती काडतुसं भरता? कशासाठी भरता? आणि बोटांचे सांधे दुखतात का? तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतात. पण हाताने दाबायचं टूल घेऊन गेलेला माणूस पंधरा दिवसांनी ते बदलून मागायला येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा अंगठाच असतो.

घरी काडतुसं भरण्याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. तुमच्याकडे त्याला परवाना लागत असेल तर आधी तो घ्या, मग टूल. पुढचं सगळं असा परवाना आणि प्रेस (काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र) असलेल्या, पुंगळ्या साफ करून साइझ करण्यापर्यंत, म्हणजे दाबून मापात आणण्यापर्यंत, हात बसलेल्या माणसासाठी लिहिलं आहे.

प्रायमर बसतो म्हणजे काय होतं

प्रायमर म्हणजे धातूची छोटी वाटी. तिच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा पातळ थर असतो आणि त्यावर तीन किंवा दोन पायांची इवलीशी ऐरण बसवलेली असते. फायरिंग पिन वाटीवर आदळली की मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतं, पेटतं, आणि ज्योत पुंगळीच्या मधल्या भोकातून आतल्या बंदुकीच्या दारूपर्यंत जाते. ही झाली बॉक्सर पद्धत. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि ज्योतीसाठी दोन बारीक भोकं असतात. अशा पुंगळ्यांचा प्रायमर नेहमीच्या डायने (प्रेसमध्ये बसवायच्या साच्याने) निघत नाही आणि आमच्याकडची टूल्सही त्यांच्यासाठी नाहीत. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, तरी अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात बर्डनची.

टूलची परीक्षा ऐरणीच्या पायांपाशी होते. प्रायमर पुंगळीच्या बुडातल्या खोबणीत सरकताना आधी भिंतीचं सारखं घर्षण लागतं. मग एका क्षणी पाय तळाला टेकतात आणि हाताला ठक्कन थांबल्यासारखं जाणवतं. त्यानंतर अगदी थोडासा दाब आणखी द्यायचा, म्हणजे ऐरण मिश्रणावर किंचित रेलते आणि प्रायमर नीट तयार होतो. पाय टेकलेच नाहीत, तर फायरिंग पिनची निम्मी ताकद प्रायमर पुढे ढकलण्यात जाते. पहिल्या फटक्याला गोळी उडत नाही आणि दुसऱ्या फटक्याला तीच उडते, असं होत असेल तर दोष प्रायमरच्या कंपनीला देण्याआधी आपलं बसवणं तपासा. उलट जास्त दाबलं तर वाटी चपटी होते आणि आतला थर तडकू शकतो.

नीट बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडाशी सपाट किंवा किंचित आत असतो. बरेच जण 3 ते 5 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण 0.08 ते 0.13 मिलिमीटर आत ठेवतात. वर आलेला प्रायमर मात्र अजिबात चालत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये तो सिलिंडर अडवतो. ज्या अर्धस्वयंचलित रायफलींची फायरिंग पिन मोकळी असते, त्यांत बोल्ट बंद होतानाच, ट्रिगरला बोट न लावता गोळी सुटू शकते.

टूलचे प्रकार

प्रेसवरचा प्रायमिंग आर्म बहुतेक सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसबरोबरच येतो, म्हणजे त्याला वेगळा खर्च नाही. पण प्रेसचा लांब दांडा आणि त्याचे सांधे हे पुंगळी साइझ करण्याच्या ताकदीसाठी केलेले असतात. त्याच दांड्याने एवढासा प्रायमर बसवायचा म्हणजे घणाने टाचणी ठोकण्यासारखं आहे. काम होतं, पण ते ठक्कन थांबणं हाताला कळतच नाही. नवशिक्यांनी यावर सुरुवात करावी, हरकत नाही. फक्त प्रत्येक पुंगळी बोटाने तपासावी.

प्रेसच्या वरच्या आट्यांत डायच्या जागी बसवायचं रॅम प्रायमिंग युनिटही मिळतं. त्यात प्रायमर सरळ रेषेत जातो, तिरका होण्याची शक्यता कमी. वेग मात्र कासवाचा, कारण प्रत्येक प्रायमर हाताने ठेवावा लागतो. थोड्या पण नेमक्या गोळ्या भरणाऱ्याला हे आवडतं.

हाताचं टूल आमच्याकडे सर्वांत जास्त मागितलं जातं, आणि ते उगाच नाही. वर प्रायमरचा ट्रे, खाली पकड, अंगठ्याने किंवा चारही बोटांनी लिव्हर दाबायचा. तरफ छोटी असल्यामुळे खोबणीचा प्रत्येक फरक तळव्याला कळतो. एखादी पुंगळी लोण्यात सुरी जावी तशी प्रायमर घेते. ती बाजूला काढायची, कारण तिची खोबण सैल झालेली आहे. प्रेसवर हे कळलं नसतं. तोटा एकच, शंभरेक पुंगळ्यांनंतर हात भरून येतो. अंगठ्याने दाबायच्या टूलपेक्षा अख्ख्या मुठीने दाबायचं टूल कमी त्रास देतं. संधिवात असेल तर दोन्ही नकोत.

बेंचवर बसवायचं प्रायमिंग टूल म्हणजे हाताच्या टूलचा मोठा भाऊ. ते टेबलाला बोल्टने घट्ट बसतं, लांब पण हलका लिव्हर असतो, आणि बऱ्याच मॉडेलांवर खोली ठरवण्याची चकती असते. चकती एक घर फिरवली की खोली ठरावीक अंतराने बदलते. हाताला त्रास नाही आणि स्पर्शही हरवत नाही. हे महाग असतं आणि जागा अडवतं. सांधे दुखणाऱ्यांना आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजांना आम्ही हेच दाखवतो.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दांड्याच्या एका फेरीत अनेक कामं करणाऱ्या, प्रेसवर प्रायमिंग आपोआप होतं. दांडा एकदा खाली-वर झाला की पुंगळ्या धरणारी प्लेट एक घर पुढे सरकते, आणि बहुतेक प्रेसवर दांडा पुढे ढकलताना प्रायमर बसतो. तासाला शेकडो गोळ्या भरणाऱ्याला याला पर्याय नाही. पण तिथे एका नळीत जवळजवळ शंभर प्रायमर एकावर एक उभे असतात, हे लक्षात ठेवा. नळीभोवतीचं जाड पोलादी कवच शोभेचं नाही. ते काढून कधीही काम करू नका.

चकतीचा थांबा की हाताचा स्पर्श?

जाणकारांच्यात यावर वाद रंगतो आणि आमच्या दुकानातही दोन पक्ष आहेत.

एक पक्ष म्हणतो, खोली चकतीने पक्की करा, मग हात थकला तरी सगळे प्रायमर सारखे. दुसरा म्हणतो, पुंगळीच्या बुडाची कडच सगळ्या पुंगळ्यांत सारखी जाड नसते. शेल होल्डर पुंगळीला कडेने धरतो आणि प्रायमर ढकलणारा दट्ट्या त्याच होल्डरपासून ठरावीक उंचीवर थांबतो. मग कड 2 थाऊने पातळ असलेल्या पुंगळीत प्रायमर तळापासून 2 थाऊ अलीकडेच राहतो. पाय टेकतात की नाही हे चकतीला कळत नाही, हाताला कळतं.

आमचं मत सांगतो. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या पुंगळ्या वापरत असाल तर चकतीचं टूल सुख देतं. मैदानावरून वेचलेल्या मिश्र पुंगळ्या असतील तर स्पर्शावर भर द्या. चकती त्यात तुम्हाला खोटा दिलासा देईल.

“तुमचं टूल खराब आहे”

एक ग्राहक हाताचं टूल घेऊन आला. म्हणाला, निम्मे प्रायमर वर राहतात, काही तिरके चिरडतात. आम्ही टूल उघडलं. दट्ट्या सपाट, स्प्रिंग ठीक, होल्डर योग्य. मग त्याच्या पुंगळ्या भिंगाखाली धरल्या. खोबणीच्या तोंडाशी सगळीकडून एक बारीक, आत वळलेली कड चमकत होती. लष्करी पुंगळ्या होत्या. कारखान्यात प्रायमर हलू नये म्हणून खोबणीचं तोंड दाबून घट्ट करतात, त्याला क्रिंप म्हणतात. जुना प्रायमर काढला तरी ती कड तशीच राहते आणि नवा प्रायमर तिच्यावर अडकून बसतो.

क्रिंप एकतर कापून काढायचा, म्हणजे रीमरने, किंवा स्वेजरने दाबून मागे सारायचा. कापताना हात जड पडला तर खोबण रुंद होते आणि पुंगळी वाया जाते. स्वेजरमध्ये ही भीती कमी. आम्ही त्याला टूल परत दिलं आणि स्वेजर दाखवला. तेव्हापासून आम्ही कुणाचीही तक्रार ऐकताना आधी पुंगळी मागतो.

तसाच दुसरा गोंधळ मापांचा. प्रायमर दोन व्यासांत येतात, छोटा साधारण 4.45 मिलिमीटर आणि मोठा 5.33 मिलिमीटर. एकाच काडतुसाच्या पुंगळ्या दोन्ही खोबणींच्या असू शकतात. .45 एसीपीच्या बहुतेक पुंगळ्या मोठ्या प्रायमरच्या, पण काही कंपन्या छोट्या खोबणीच्या काढतात. 6.5 क्रीडमूरमध्येही असंच आहे. ढिगात अशी एखादी पुंगळी मिसळली आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसवर मोठा प्रायमर छोट्या खोबणीपुढे आला, की दांडा अडतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. दांडा मागे घ्या, थांबा, बघा.

मोठा रायफल प्रायमर मोठ्या पिस्तुल प्रायमरपेक्षा उंचीला साधारण 0.2 मिलिमीटरने जास्त असतो. तो पिस्तुलाच्या पुंगळीत बसवला तर वर येणारच. छोट्या रायफल आणि छोट्या पिस्तुल प्रायमरची मापं जवळपास सारखी असली, तरी वाटीची जाडी वेगळी असते, म्हणून टूलमध्ये बसतात म्हणून अदलाबदल करू नका. भरण्याच्या पुस्तकात जो प्रायमर दिला आहे तोच वापरा.

विकत घेताना हात लावून बघायच्या गोष्टी

शेल होल्डर कोणता लागतो हे पहिलं विचारा. काही टूल्समध्ये प्रेसचाच होल्डर चालतो, काहींना त्यांचा स्वतःचा संच लागतो. स्वस्त टूल घेऊन पाच होल्डर वेगळे घ्यावे लागले तर ते स्वस्त कसलं? काही टूल्स पुंगळीला जबड्यात धरतात आणि होल्डर लागतच नाही. चार-पाच वेगवेगळी काडतुसं भरणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

दट्ट्याचं तोंड सपाट आणि गुळगुळीत हवं. त्यावर कण चिकटला की प्रत्येक प्रायमरच्या वाटीवर तोच खळगा उमटतो. छोटा-मोठा दट्ट्या किती वेळात बदलता येतो तेही करून बघा. काही टूल्समध्ये बदलताना स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते, आणि ती शोधण्यात आमचीही एक दुपार गेली आहे.

ट्रे आणि दट्ट्याच्या मध्ये अडसर आहे का, हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. चांगल्या टूलमध्ये बसवला जाणारा प्रायमर ट्रेमधल्या बाकीच्यांपासून वेगळा पडतो. एखादा पेटलाच तरी आग ट्रेपर्यंत जाऊ नये, यासाठी ती रचना असते. कंपनीने ठरावीक प्रायमरच वापरा असं लिहिलं असेल तर ते त्यांची विक्री वाढावी म्हणून नाही. ट्रे कोणत्या प्रायमरसाठी तपासला आहे, ते त्यावरून कळतं.

प्रायमर हाताळताना

यात आम्ही गंमत करत नाही. प्रायमर दारूसारखा जळत नाही, तो फुटतो. आघात, घर्षण, उष्णता आणि स्थिर विजेची ठिणगी, चारही गोष्टींनी तो पेटू शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. साधा नंबराचा नव्हे, सुरक्षेचा.

मूळ खोक्यात प्रत्येक प्रायमरला वेगळं घर असतं, ते एकाने दुसऱ्याला पेटवू नये म्हणून. ते कधीही काचेच्या बरणीत किंवा डब्यात एकत्र ओतू नका. टेबलावर एका वेळी एकच ट्रे, बाकीचे प्रायमर आणि दारू दुसरीकडे. तिरका किंवा उलटा बसलेला प्रायमर आणखी जोराने सरळ करायचा प्रयत्न करू नका, ठोकून तर मुळीच नाही. ती पुंगळी बाजूला ठेवा आणि प्रायमरच्या कंपनीची सूचना पाळा. टूलमध्ये जमणारी बारीक भुकटी अधूनमधून पुसून काढा. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, म्हणून काम चालू असताना खाणं-पिणं नाही आणि झाल्यावर हात साबणाने धुवा. मुलांना खोलीबाहेर ठेवा.

बसवून झाल्यावर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोटाचं टोक फिरवा. शंका आली तर पुंगळी सपाट काचेवर उभी करा. डुगडुगली तर प्रायमर वर आहे. ही तपासणी कितीही महाग टूल घेतलं तरी सुटत नाही.

मग कुणी काय घ्यावं

महिन्याला पन्नास-शंभर गोळ्या भरणाऱ्याने मुठीने दाबायचं हाताचं टूल घ्यावं. अजून पक्कं ठरलेलं नसेल तर प्रेसबरोबर आलेला आर्म महिनाभर वापरून बघा. लांब पल्ल्याची नेमबाजी असेल किंवा हात दुखत असेल तर बेंचवरचं. आठवड्याला शेकड्यांनी भरायचं असेल तर प्रोग्रेसिव्ह, पण आधी एखाद्या साध्या टूलवर स्पर्श शिकून घ्या, म्हणजे यंत्र चुकत असताना तुम्हाला कळेल.

टूल बघायला येताना आपल्या पाच-सहा रिकाम्या, प्रायमर काढलेल्या पुंगळ्या घेऊन या. आम्ही खोबण गेजने मोजून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. जिवंत प्रायमर किंवा भरलेली काडतुसं मात्र दुकानात आणू नका.