वडगावचा भोंगा कुठून आला

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२ च्या सुमारास एक ठराव अमलात आणला. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले, तेव्हा कुठं ते रुळलं. बातमी देशभर गेली, ती बहुतेक 'मोबाईलचं वेड सोडवणारं गाव' अशा मथळ्यानं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कारण कित्येक पोरांच्या हातात तो मोबाईल शाळेपायीच आला होता.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला काढली. रोजच्या अभ्यासाच्या लिंका व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोचू लागल्या. त्या अडचणीच्या काळात ते काम फार मोलाचं होतं. त्या लिंका बऱ्याचशा 'दीक्षा'वरच्या असत. हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सप्टेंबर २०१७ पासूनचं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात, ते स्कॅन केले की त्या त्या धड्याचं साहित्य उघडतं. या रचनेत एक शहाणपण होतं: कोड पानाला बांधलेला, त्यामुळे साहित्यही धड्यापुरतंच. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर आलेल्या 'टिलीमिली' या शालेय मालिकेचंही तसंच. ठरलेली वेळ, ठरलेली इयत्ता, कार्यक्रम संपला की संपला.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र ही दावण सुटली. सरांची लिंक, क्लासची पीडीएफ, कुणी पाठवलेला यूट्यूबचा व्हिडिओ, कालची राहिलेली चाचणी, सगळं एकाखाली एक. त्यात घरात फोन एकच. तो दिवसभर वडिलांबरोबर रानात किंवा कामावर, पोराच्या हाती लागणार तो दिवेलागणीला. म्हणजे दिवसाचा साचलेला अभ्यास नेमका मालिकांच्या वेळेला सुरू व्हायचा. वडगावनं सातचीच वेळ का धरली, ते यातून मला उमगतं.

माहितीच्या या माऱ्याला इंग्रजीत 'इन्फर्मेशन ओव्हरलोड' असं नाव आहे. ते अमेरिकी अभ्यासक बर्ट्राम ग्रॉस यांनी १९६४ मध्ये वापरलं आणि लेखक आल्विन टॉफ्लर यांनी १९७० मध्ये सर्वतोमुखी केलं. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी त्याचं मर्म सांगितलं: माहिती वाढते तसं वाचणाऱ्याचं लक्ष खर्ची पडतं, आणि लक्ष काही वाढत नाही. शिक्षणाच्या बाजूनं याचा पाठपुरावा केला ऑस्ट्रेलियाचे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी, १९८८ पासून. नवीन गोष्ट शिकताना मन एका वेळी मोजकेच धागे धरू शकतं. आकृती एका ठिकाणी आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर ती दोन्ही जुळवण्यातच मुलाची शक्ती संपते. पाचवीच्या मुलाला अपूर्णांकांवरचे सहा व्हिडिओ पाठवले तर तो सहापट शिकत नाही. सहा जणांच्या सहा पद्धती एकमेकींशी जुळवत बसतो.

पूर्वी ही निवड आपसूक होत असे. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली. एका विषयाला एक पुस्तक, आणि त्यातलं काय आज घ्यायचं ते फळ्यासमोर उभे असलेले गुरुजी ठरवत. पुस्तकाला शेवटचं पान होतं. ग्रुपला ते नाही.

भोंगा वेळेला कुंपण घालतो, आणि एका गावानं एवढं एकमतानं करणं ही मोठी गोष्ट आहे. निवडीचं काम मात्र वर्गशिक्षकांच्याच हातचं. काही शिक्षक आठवड्याला एकच संदेश पाठवतात: धड्याचा क्रमांक, पान, आणि त्यासमोर एक लिंक. बाकीचं त्यांनी स्वतः बघून गाळलेलं असतं.