रिकामं असेल तर डिफॉल्ट घे: ही आयडिया आली कुठून?

प्रोग्राममधलं व्हेरिएबल रिकामं निघालं तर डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली व्हॅल्यू घ्यायची, एवढीशी गोष्ट. पण 'रिकामं' कशाला म्हणायचं यावरच सगळं घोडं अडलेलं.

लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले लोक 'ऑर'वर काम भागवायचे, पहिली व्हॅल्यू निल (म्हणजे 'काही नाही') निघाली की दुसरी उचलायची. गोची अशी की तिथे निल म्हणजे फॉल्सपण आणि रिकामी लिस्टपण, त्यामुळे रिकामी लिस्ट हेच खरं उत्तर असलं तरी डिफॉल्ट गळ्यात पडणार.

1965 मधे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ टोनी होअरनी अल्गोल डब्ल्यू या भाषेमधे नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा रेफरन्स आणला, का तर करायला अगदी सोपा होता म्हणून, आणि 2009 मधे त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. व्हॅल्यू नल असू शकते हे तिच्या टाइपकडे (आकडा, मजकूर असा तिचा प्रकार) बघून कळतच नाही, खरा त्रास तो.

एमएल या भाषेच्या घराण्यातल्या भाषांनी हे सरळ टाइपमधेच आणलं, त्या टाइपचं नाव ऑप्शन. व्हॅल्यू असली तर 'सम'मधे गुंडाळलेली, नसली तर 'नन'. हॅस्केलमधे त्यालाच 'जस्ट' आणि 'नथिंग' म्हणतात. इंट (पूर्णांक) वेगळा आणि ऑप्शनच्या डब्यातला इंट वेगळा, म्हणजे बेरीज करायच्या आधी डबा उघडायलाच लागतो, नाहीतर कंपायलर अडवतो. आता दरवेळी पॅटर्न मॅचिंग, म्हणजे 'सम' असेल तर हे, 'नन' असेल तर ते, असं कोण लिहीत बसणार, म्हणून मग स्टँडर्ड एमएलचं गेटऑप्ट, हॅस्केलचं फ्रॉममेबी, स्कालाचं गेटऑरएल्स अशी छोटी फंक्शन्स आली. ओकॅमलच्या स्टँडर्ड लायब्ररीत मात्र ऑप्शन मॉड्यूल यायला 2019 उजाडलं!

डिफॉल्टची व्हॅल्यू नेमकी कधी मोजायची हा अजून एक गुंता. हॅस्केल लेझी, तिथे गरज पडेपर्यंत डिफॉल्टला कोणी हात लावत नाही, स्कालानेही बाय-नेम पॅरामीटर (वापरायची वेळ आली तरच मोजला जाणारा) घेऊन तेच साधलं. जावा 8 मधे 2014 ला ऑप्शनल आलं, पण त्यातल्या ऑरएल्स या फंक्शनला दिलेलं डिफॉल्ट, डब्यात व्हॅल्यू असो नसो, आधीच मोजलं जातं. मी एकदा त्यात डेटाबेस कॉल टाकला होता आणि सगळं स्लो का झालंय ते शोधत बसलो होतो :) त्यासाठी ऑरएल्सगेट आहे, त्याला व्हॅल्यू नाही तर फंक्शन द्यायचं.

आणि जावास्क्रिप्टमधे तर लिस्पचंच दुखणं परत. दोन उभ्या दांड्यांचं ऑर वापरलं की युजरने आवाज 0 वर ठेवला तरी डिफॉल्ट 50 लागणार, कारण 0 पण फॉल्सी, म्हणजे फॉल्ससारखाच धरला जाणारा. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर, जो फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच रिकामं धरतो, तो स्टँडर्डमधे आला 2020 ला.